बर्फाचा सौदागर : फ्रेडरिक ट्यूडर

आपल्या नगर जिल्ह्यातील हमरस्त्यांवरून पांढऱ्या बंदिस्त पेट्या वाहून नेणाऱ्या मोठमोठ्या मोटारी जाताना आपण पाहतोच. कोणात राहात्याकडील डाळिंबे असतात, तर कोणात द्राक्षे. पेटीस जोडलेले यंत्र आत गारवा राखते आणि न्हावाशेवा बंदरात ती पेटी आतील मालासह जहाजावर चढून परदेशी रवाना होते. गारवा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेता येतो, याचे आज कोणासही नवल वाटत नाही. परंतु सव्वादोनशे वर्षांपूर्वी ज्या मनुष्याने हा उद्योग मनावर घेतला, त्यास त्याच्या गावकऱ्यांनी वेड्यात काढले होते. त्याचे नाव फ्रेडरिक ट्यूडर. त्याच्या चरित्रात घेण्याजोगे पुष्कळ आहे आणि टाकण्याजोगेही थोडेथोडके नाही. येथे दोन्ही सांगावयाचे आहे.

ट्यूडरचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. नगरकरांस हे शहर अगदीच परके नाही. कारण ज्या अमेरिकन बोर्डाने १८३१ साली नगरास मिशनचे ठाणे घातले, त्याची कचेरी याच शहरात होती. ट्यूडरचे वडील नामांकित वकील असून घरची स्थिती उत्तम होती. वडील बंधू विल्यम हार्वर्ड महाविद्यालयात शिकून विद्वान झाला. पण फ्रेडरिकने तेराव्या वर्षीच शाळेस रामराम ठोकला. (एवढ्यावरून पालकांनी घाबरून जाऊ नये आणि मुलांनीही हर्ष मानू नये, शाळेत न शिकलेला हिशेब पुढे त्यास फार महाग पडला.) १८०१ साली आजारी भाऊ जॉन याच्यासमवेत तो क्यूबा बेटातील हवाना शहरी गेला. उष्ण देशात थंडाव्यावाचून माणसाचे कसे हाल होतात, हे त्याने तेथे पाहिले. जॉन पुढल्याच वर्षी वारला.

बोस्टनच्या बाजूस हिवाळ्यात तळी गोठतात. त्यांवरील बर्फाच्या लाद्या कापून तळघरात साठवाव्या आणि उन्हाळ्यात वापराव्या, ही तेथील सुखवस्तु कुटुंबांची जुनी रीत होती. हा फुकटचा बर्फ उष्ण बेटांत नेऊन विकावा, ही कल्पना १८०५ साली विल्यमने सहज बोलून दाखविली. विल्यम ती विसरला असता. फ्रेडरिकने मात्र त्याच वर्षी एक रोजनिशी घालून तीत या उद्योगाची टिपणे लिहिण्यास आरंभ केला.

असा माल जहाजावर घेण्यास कोणीही मालक तयार होईना. बर्फ वितळून जहाजात पाणी होईल, ही त्यांची भीती. तेव्हा ट्यूडरने ४,७५० डॉलर मोजून फेव्हरिट नावाचे जहाजच विकत घेतले आणि १० फेब्रुवारी १८०६ रोजी १३० टन बर्फ भरून ते मार्टिनिक बेटाकडे हाकारले. वर्तमानपत्रांनी थट्टा केली. सुमारे तीन आठवड्यांनी जहाज पोहोचले आणि बर्फही बराचसा शाबूत राहिला. पण उतरून ठेवावयास तेथे बर्फखानाच नव्हता! गिऱ्हाइकांस तर हा पदार्थ वापरावा कसा हेही ठाऊक नव्हते. कोणी तो भर उन्हातून घरी नेऊन ताटलीत मांडून ठेवी, कोणी पाण्याच्या टिपात टाकी, आणि मग वितळला म्हणून तक्रार घेऊन येई. एका उपाहारगृहाच्या मालकास ट्यूडरने स्वतः आइसक्रीम करून दाखविले व ते हातोहात खपलेही. तथापि त्या सफरीत तीन-चार हजार डॉलरांची बूड आली.

पुढील दहा वर्षे केवळ विपत्तीची गेली. १८०७ च्या अखेरीस अमेरिकन सरकारने परदेशी व्यापारावरच बंदी घातली. नंतर इंग्रजांशी युद्ध जुंपले. वडिलांची दौलत जमिनीच्या व्यवहारात बुडाली. सावकारांनी पकड वॉरंटे काढली आणि कर्जापायी ट्यूडरला तुरुंगाचीही हवा खावी लागली. १८१५ साली तो पुन्हा हवानास निघाला, तेव्हा बेलिफ अक्षरशः त्याच्या मागावर होते.

मात्र या वेळी तो मार्टिनिकचा धडा घेऊन निघाला होता. बर्फ पोहोचविण्याइतकेच तो टिकविणे महत्त्वाचे, हे ओळखून त्याने हवानास दुहेरी भिंतींचा बर्फखाना बांधला आणि दर तासाला किती पाणी झिरपते हे मोजू लागला. येथे थोडे पदार्थविज्ञान सांगणे अवश्य आहे. शून्य अंशावरील एक किलो बर्फाचे शून्य अंशावरील पाणी होण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेने तेच पाणी सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापते. म्हणजे बर्फ लवकर हार जाणारा पदार्थ नव्हे. शिवाय लाद्या एकमेकींस चिकटवून मोठी रास रचली, म्हणजे वजनाच्या मानाने उघडी बाजू कमी राहते. भोवती लाकडाचा भुसा दाबून भरला, म्हणजे त्यात कोंडलेली हवा उष्णतेस वाट देत नाही. हा भुसा म्हणजे लाकूड-गिरण्यांचा निव्वळ कचरा.

१८१६ साली ट्यूडरने याच्याही पुढे पाऊल टाकले. जहाज बर्फ देऊन रिकामे का परतावे? चाळीस टक्के व्याजाने तीन हजार डॉलर काढून त्याने क्यूबातील फळे बर्फ आणि गवतात बांधून अमेरिकेकडे पाठविली. वाटेत बहुतेक फळे कुजली. कारण उघड आहे : फळ तोडल्यावरही श्वास घेते व उष्णता बाहेर टाकते, त्यास नुसता थंडावा पुरत नाही, नेमका व एकसारखा थंडावा आणि खेळती हवा लागते, आणि बर्फाच्या ढिगास ते नियमन साधत नाही. माझ्या मते ट्यूडरच्या साऱ्या उद्योगात हे फसलेले धाडसच अधिक दूरदृष्टीचे होते. मालमोटारीवर बसून धक्के सोसत थंडावा राखणारे यंत्र मिनियापोलिस शहरी फ्रेडरिक जोन्स या कृष्णवर्णीय कारागिराने सिद्ध केले, तेव्हा १९३८ च्या सुमाराचा काळ उजाडला होता. नाशवंत माल आणि भारी व्याज या जोडीने होणारा घात आपल्या जिल्ह्यातील शेतकरी-पालकांस निराळा समजावून सांगावयास नको.

१८२५ च्या सुमारास नॅथॅनियल वायेथ याने घोड्याने ओढावयाचा बर्फ कापण्याचा नांगर तयार केला. त्यामुळे एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या आणि खर्च फार उतरला. ट्यूडरच्या भाग्योदयाचा निम्मा वाटा या माणसाचा आहे. पण बर्फाचा राजा म्हणून लोकांनी नाव घेतले ते एकट्या ट्यूडरचे.

मे १८३३ मध्ये टस्कनी नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्यास निघाले. आफ्रिकेस वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते हुगळीत शिरले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! सोबत अमेरिकेतील सफरचंदेही आली होती. सरकारने जकात माफ केली, माल रात्रीच्या गारव्यात उतरविण्यास परवानगी दिली आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी ट्यूडरच्या मुनिमास चषक देऊन गौरविले. लोकांनी वर्गणी काढून बर्फखाना बांधला. पुढल्याच वर्षी हा बर्फ मुंबईस आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम वाढले आणि यजमान व पाहुणे सर्दीने आजारी पडल्याचे मुंबई समाचारने छापले. योगायोग असा, की जमशेटजी आणि ट्यूडर या दोघांचेही जन्मवर्ष १७८३ होय. मुंबईचा बर्फखाना कोटात सेंट अँड्र्यूज चर्चनजीक होता. ट्यूडरने स्वतः मात्र हिंदुस्थान कधी पाहिला नाही.

याच सुमारास कॉफीच्या सट्ट्यात त्याने दोन लाखांहून अधिक डॉलर घालविले. ते कर्ज फेडण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली. ते फिटले बर्फाच्या, विशेषतः कलकत्त्याच्या, व्यापारावर.

आता दुसरी बाजू. प्रतिस्पर्धी उभा राहिला, की ट्यूडर तोट्याने माल विकून त्यास बुडवी आणि मग भाव वाढवी. हवाना व चार्ल्स्टन येथील त्याची श्रीमंत गिऱ्हाइके गुलामांच्या श्रमावर जगत होती. त्याबद्दल त्याने आपला व्यापार अडू दिला नाही. हिंदुस्थानातही हा बर्फ मुख्यतः साहेबलोकांच्या व धनिकांच्या पेल्यात पडला. हुगळीकाठी थंडीच्या रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी गोठवून पोट भरणारे कारागीर आणि सोऱ्याने पाणी गार करणारे आबदार यांचा धंदा बसला. या माणसांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

पन्नाशीत ट्यूडरने विवाह केला व त्यास सहा अपत्ये झाली. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याचे मजूर वॉल्डन तळ्यावर बर्फ कापीत होते, तेव्हा काठी राहणारा थोरो हा ग्रंथकार ते पाहत होता. ६ फेब्रुवारी १८६४ रोजी, ऐंशी वर्षांचा होऊन, ट्यूडर बोस्टन येथे मरण पावला. १८७८ साली कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत बोस्टनची जहाजे येईनाशी झाली. हिंदुस्थानातील त्याच्या तीन बर्फखान्यांपैकी आज मद्रासचा तेवढा उभा आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते, म्हणून त्यास आता विवेकानंद भवन म्हणतात.