अमीर अब्दुल कादिर अल-जझाइरी

ज्याने आपल्या नफ्सला आवर घातला, त्याने जुलमाशी लढावे की हुजऱ्यात बसून जिक्र करावे, असा प्रश्न आपणांस पडत असेल, तर अल्जीरियाच्या अमीर अब्दुल कादिर (१८०८–१८८३) यांचे जीवन पाहा.

कादिरी सिलसिल्याच्या घराण्यातील या तरुणाच्या हाती १८३२ मध्ये कबिल्यांनी बैअत केली. फ्रेंच आक्रमणाशी ते पंधरा वर्षे झुंजले. युद्धकैद्यांना अन्न पुरवता येईना, तेव्हा त्यांनी त्यांना सोडून दिले. १८४७ मध्ये पुढील रक्तपात व्यर्थ जाणून त्यांनी शस्त्र ठेवले. पूर्वेकडे जाऊ देण्याचे वचन मोडून फ्रान्सने त्यांना सुमारे पाच वर्षे कैदेत ठेवले. सुडासाठी याहून मोठे निमित्त कोणते?

जुलै १८६० मध्ये दमिश्कच्या ख्रिस्ती मोहल्ल्यावर दंगलखोर तुटून पडले. तेथे दर्स देत असलेले अमीर आपल्या अल्जीरियन साथीदारांसह गल्लोगल्ली फिरले आणि त्यांनी हजारो ख्रिस्ती जनांना आपल्या घरी आसरा दिला. त्यांत फ्रेंच वकिलातीतील माणसेही होती, हे ध्यानात घ्या. जमाव दाराशी येऊन या आश्रितांना मागू लागला. अमीरांनी साफ नकार दिला आणि साथीदारांना लढण्यास सज्ज केले. समोर उभे होते ते त्यांच्याच दीनचे लोक.