जॉर्ज बूल आणि ‘जर–तर’

इंग्रजी भाषेंतील जीं अव्ययें दिसावयास अगदीं लहान, तींच आमच्या विद्यार्थ्यांस फार जड जातात. इफ, अन्‌लेस, देअरफोर हे शब्द कोणत्याहि मुलास पाठ असतात. परंतु एका गोष्टीवरून दुसरी कशी निष्पन्न होते हें दाखविण्याचें त्यांचें जें काम, तें त्यांजकडून बिनचूक करवून घेणें थोड्यांसच साधतें. अशा शब्दांचा अर्थ ज्यांनीं गणिताच्या तराजूंत तोलून पाहिला, त्या जॉर्ज बूल यांचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजीं इंग्लंडांतील लिंकन शहरीं झाला. वडील जोडे शिवीत; पण त्यांचें मन चामड्यापेक्षां दुर्बिणींत अधिक. गणिताची गोडी मुलास त्यांनींच लाविली. लॅटिनचे पहिले धडे एका पुस्तकविक्रेत्या स्नेह्यानें दिले, आणि ग्रीक भाषा मुलगा आपली आपणच शिकला. चौदाव्या वर्षीं त्यानें एका ग्रीक कवितेचें केलेलें भाषांतर गांवच्या वृत्तपत्रांत छापून आलें, तेव्हां एका शाळामास्तरांनीं जाहीर शंका घेतली कीं, हें इतक्या लहान मुलाचें काम असणें शक्य नाहीं. मुलगा लहान, म्हणून भाषांतर त्याचें नव्हे! ह्या ‘म्हणून’मध्यें कितपत बळ होतें तें पुढें दिसून आलें.

वडिलांचा धंदा बसल्यामुळें सोळाव्या वर्षींच बूल यांस डॉन्कास्टर येथें शिक्षकाची नोकरी धरावी लागली. आईबाप व भावंडें यांचा भार त्यांच्यावरच होता. एकोणिसाव्या वर्षीं त्यांनीं लिंकन येथें स्वतःची शाळा काढली. शाळा सांभाळून केलेल्या गणिताच्या अभ्यासाबद्दल १८४४ सालीं त्यांस रॉयल सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें, आणि १८४९ सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजांत ते गणिताचे प्रोफेसर झाले. विश्वविद्यालयाची एकहि पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. आम्हां पदवीधरांस हें लिहितांना थोडा संकोच वाटतो.

त्यांचा ‘लॉज ऑफ थॉट’ हा मोठा ग्रंथ १८५४ सालीं निघाला. त्यांत ‘जर’ असलेल्या वाक्याची फोड त्यांनीं काळाच्या आधारें केली आहे. आमचेंच उदाहरण घेऊं. पाऊस पडला तर अंगण भिजतें. याचा अर्थ एवढाच कीं, पाऊस पडत आहे आणि अंगण मात्र कोरडें आहे असा एकहि क्षण नाहीं. असे क्षण शून्य, हें बूल एका लहानशा समीकरणानें मांडतात. आतां अंगण ओलें दिसलें म्हणून पाऊस पडलाच असें ठरत नाहीं; कोणी सडा घातला असेल. अंगण कोरडें असेल तर मात्र पाऊस नाहीं हें निश्चित. इफच्या जागीं ओन्ली इफ घातलें कीं दिशाच उलटते: मग ओल्या अंगणावरून पाऊस सिद्ध होतो, आणि सडा घालणारी वाक्यांतून हद्दपार होते!

अन्‌लेसची गोष्ट याहून नाजूक. जोंपर्यंत तूं अभ्यास करणार नाहींस, तोंपर्यंत पास होणार नाहींस, या मराठी वाक्याचें भाषांतर पुष्कळ मुलें अन्‌लेस यू डू नॉट वर्क, यू विल नॉट पास असें करितात. अन्‌लेसच्या पोटांत नकार आधींच आहे. त्यांत नॉट मिळविला कीं दोन नकार एकमेकांस खाऊन टाकतात, आणि अभ्यास केलास तर नापास होशील असा उपदेश मुलाच्या पदरीं पडतो. असा उपदेश बहुतेक मुलांस मानवेल. पालकांस मानवणार नाहीं.

बूल यांच्या ह्या बीजगणिताचा व्यवहारांत कांहीं उपयोग असेल असें त्या काळीं फारसें कोणास वाटलें नाहीं. १९३७ सालीं क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्यानें विजेच्या बटणांची जोडणी त्याच नियमांनीं करतां येते असें आपल्या प्रबंधांत दाखविलें, आणि आजचीं गणकयंत्रें त्याच पायावर उभीं आहेत.

१८५५ सालीं बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशीं झाला. हिमालयाच्या अत्युच्च शिखरास ज्यांचें नांव दिलें आहे, त्या हिंदुस्थानच्या सर्व्हेयर जनरल सर जॉर्ज एव्हरेस्ट यांची ती पुतणी. १८६४ च्या हिवाळ्यांत बूल भर पावसांत घराहून कॉलेजांत पायीं गेले आणि ओल्या कपड्यांनींच त्यांनीं वर्गास शिकविलें. त्यांतून फुप्फुसांचा दाह होऊन ८ डिसेंबर रोजीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, ते वारले. पांच मुली मागें राहिल्या. धाकटी अवघ्या कांहीं महिन्यांची होती. मेरीबाईंनीं त्यांस वाढविलें, आणि मुलांस बीजगणित गोड कसें वाटेल यावर पुढें स्वतः पुस्तकें लिहिलीं.