राणी लक्ष्मीबाई : अन्यायानंतरची तीन वर्षे

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे नाव घेताच १८५८ मधील रणांगण डोळ्यांसमोर येते. त्याआधीची तीन वर्षे त्यांनी अर्ज-विनंत्यांच्या लढाईत घालविली. शौर्यकथांमध्ये हा काळ दोन-चार ओळींतच आटोपला जातो.

मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका यांचा जन्म वाराणसीचा. बिठूर येथे वाढलेल्या मणिकर्णिका १८४२ मध्ये झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह होऊन बुंदेलखंडात आल्या. हा मुलूख मराठी माणसाला परका नव्हता. आज झाशी जिल्ह्यात असलेल्या गरौठा तहसिलीतील गुरसराय येथेही खेर या मराठी घराण्याची जहागीर होती.

१८५१ मध्ये झालेला पुत्र काही महिन्यांतच दगावला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दामोदरराव यांना दत्तक घेण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांचे निधन झाले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकविधान नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणींना वार्षिक ६० हजार रुपयांचे निवृत्तिवेतन देऊ करण्यात आले. त्यांना किल्लाही सोडावा लागला.

राणींनी कंपनीशी झालेल्या १८१७ च्या तहाचा आधार घेतला आणि शेजारच्या ओरछा व दतिया येथील मान्य झालेल्या दत्तकांकडे बोट दाखविले. ऑस्ट्रेलियात जन्मलेले वकील जॉन लँग यांना त्यांनी झाशीस पाचारण केले. निषेध नोंदवून निवृत्तिवेतन घ्यावे आणि दाद मागत राहावे, असा सल्ला लँग यांनी दिला. आरंभी राणींनी तो मानला नाही. लंडनपर्यंत गेलेले अपीलही फेटाळले गेले. पतीचे कर्ज निवृत्तिवेतनातून वळते करण्याचा आदेश निघाला. दामोदररावांच्या नावे सरकारजमा असलेल्या सहा लाखांतून मुंजीसाठी एक लाख रुपये मागितले, तर जामीनदार आणण्यास सांगण्यात आले! मुलाच्याच पैशासाठी आईला जामीन मागणारा हा व्यवहार कोणाचाही न्यायावरचा विश्वास उडविणारा होता.

तरीही जून १८५७ मध्ये झाशीतील शिपायांनी उठाव करून इंग्रजांची कत्तल केली, तेव्हा राणींनी सागर-नर्मदा प्रदेशाचे आयुक्त अर्स्किन यांना पत्रे लिहिली. नवा अधिकारी येईपर्यंत कारभार पाहण्याची अनुमती त्यांना मिळाली. ओरछाच्या फौजेची चढाई त्यांनी परतवली. याच कारकिर्दीत झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात त्यांचा व्यायाम, पूजाअर्चा व दरबार यांचे वर्णन केले आहे. इंग्रजांनी मात्र कत्तलीचा ठपका राणींवरच ठेवला.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांनी झाशीला वेढा दिला. एप्रिलच्या आरंभी राणी काल्पीकडे निसटल्या आणि जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक त्यांना वीरमरण आले.

दामोदरराव पुढे इंदूर येथे सरकारी मासिक वेतनावर राहिले. १९०६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. झाशीवरील त्यांचा हक्क अखेरपर्यंत मान्य झाला नाही.