जे. आर. डी. आणि सरकारी आश्रय

जे. आर. डी. टाटा यांना भारतीय विमानवाहतुकीचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु विमान कंपनीला सरकारने किती आधार द्यावा आणि त्या बदल्यात किती अधिकार गाजवावा, याचा अनुभवही त्यांच्याइतका दीर्घकाळ क्वचितच कोणी घेतला असेल.

१९०४ मध्ये पॅरिस येथे जन्मलेल्या जे. आर. डी. यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, तेही स्वतः विमान चालवून. ब्रिटनची इम्पीरियल एअरवेज सरकारी अनुदानावर पोसली जात होती. टाटांच्या वाट्यास वाहिलेल्या टपालाचा मोबदला तेवढा आला. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे.

परदेशी सेवेची गोष्ट निराळी. तेथे उतरण्याचे हक्कच दोन सरकारांच्या करारांनी ठरतात. सरकारला वगळून ती चालविणे अशक्य. हे ओळखूनच त्यांनी १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल उभी केली. सरकारचे भांडवल ४९ टक्के, टाटांचे २५, उरलेले जनतेचे. पहिल्या पाच वर्षांत तोटा आलाच तर तो सरकारने सोसावा आणि पुढील नफ्यातून त्याची फेड व्हावी. व्यवस्थापन मात्र टाटांकडे. त्याच वर्षीच्या ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ने कैरो व जिनिव्हामार्गे लंडन गाठण्यासाठी मुंबई सोडली. मदतीला मुदत आणि परतफेडीची अट असावी, हे या कराराचे खरे शहाणपण. (२०१२ मध्ये याच कंपनीसाठी सुमारे ३० हजार कोटींचे भांडवल मंजूर करताना त्याची आठवण कोणास झाली असेल काय?)

१९५३ चे राष्ट्रीयीकरण त्यांना मुळीच रुचले नव्हते. तरीही परदेशी सेवेचे अध्यक्षपद त्यांनी विनावेतन स्वीकारले आणि पाव शतक सांभाळले. १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आली. प्रवासात पडदे, काटे-चमचे, चहाचा रंग यांतील उणिवा ते टिपून ठेवीत. मालक सरकार असले, तरी प्रवाशाला ती सबब सांगता येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना पदावरून दूर केले. ही वार्ताही त्यांना सरकारऐवजी, त्यांच्या जागी नेमलेल्या पी. सी. लाल यांच्याकडून प्रथम कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपद मात्र दिले नाही. १९९३ मध्ये जिनिव्हात त्यांचे निधन झाले. एअर इंडिया टाटांकडे परतली ती जानेवारी २०२२ मध्ये.