मांद्रेचे डॉ. भाऊ दाजी लाड : आधी पडताळणी, मग विश्वास

एखाद्या झाडाच्या तेलाने असाध्य रोग बरा होतो, ही बातमी पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आजही क्षणात पोहोचते. काही जण ती ऐकताच खरी मानतात, तर काही जण ऐकून घेण्यापूर्वीच हसण्यावारी नेतात. ती तपासून पाहणारे मात्र थोडे असतात. एकोणिसाव्या शतकात अशाच एका बातमीच्या केंद्रस्थानी पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड होते. प्राच्यविद्यापंडित आणि समाजधुरीण म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र या सर्व कामांना जोडणारा धागा होता तो पडताळणीच्या सवयीचा, आणि त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

भाऊंचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एका गरीब सारस्वत कुटुंबात झाला. वडील विठ्ठल लाड यांना दाजी म्हणत आणि मुलाला भाऊ. ही दोन घरगुती नावेच पुढे जगाच्या तोंडी एकत्र रुळली. मातीच्या बाहुल्या विकून या कुटुंबाचा चरितार्थ चाले. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले होते. नव्या काबिजादीतील या मुलखात गरिबाच्या मुलाला उच्च शिक्षणाची वाट जवळपास नव्हती. पणजीत वैद्यकशाळा निघाली ती १८४२ साली आणि तेथील शिक्षण पोर्तुगीज भाषेतून चाले. मुलाचे बुद्धिबळातील कसब पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, असे सांगितले जाते. दाजींनी मुलाला घेऊन मुंबई गाठली.

मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये भाऊ शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या अभ्यासूपणाकडे प्रथम सर्वांचे लक्ष गेले. शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून ते १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. त्या काळी मृतदेहाला हात लावणे हा विटाळ मानला जाई. शवविच्छेदन करून शिकलेल्या डॉक्टरच्या हातचे औषध घ्यावे की नाही, हा अनेक घरांत धर्मसंकटाचा प्रश्न होता. भाऊंनी लोकांच्या या संशयाची हेटाळणी केली नाही. गरिबांना ते विनामूल्य तपासत आणि औषध देत. औषधाचा गुण दिसू लागला तसा लोकांचा संशय मावळत गेला.

तो काळच नवलाईचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी धावली. पाठोपाठ तारायंत्र आले, छायाचित्रे निघू लागली. बैलावाचून गाडी कशी चालते आणि तारेतून निरोप कसा जातो, हे प्रश्न सामान्य माणसाला पडत होते. त्याला समजेल अशा भाषेत उत्तर देणारे कोणी तरी हवे होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी १८४८ साली साहित्य व शास्त्र यांसाठी एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेत भौतिक शास्त्रांपासून आरोग्यापर्यंतच्या विषयांवर मराठीतून निबंध वाचले जात. याच चळवळीतून १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. मूळ सभेचे अध्यक्षपद पुढे भाऊंकडे आले. सभेने चालवलेल्या मुलींच्या शाळांचेही ते खंबीर पाठीराखे होते. ज्ञान मूठभरांपुरते राहिले, तर उरलेल्यांच्या वाट्याला अफवाच येते, हे या मंडळींनी नेमके ओळखले होते.

डॉक्टर म्हणून भाऊंची खरी कसोटी लागली ती महारोगाच्या बाबतीत. या रोगाचे निदान झाले की माणूस घराला आणि गावाला पारखा होई. शास्त्राकडेही त्याच्यासाठी फारसे काही नव्हते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने वसाहतींतून माहिती मागवून १८६७ साली अहवाल काढला आणि महारोग सांसर्गिक नसल्याचा निर्वाळा दिला. तो चुकीचा ठरायला फार वेळ लागला नाही. नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन यांना १८७३ साली या रोगाचा जंतू दिसला. बातमी मोठ्या पीठाकडून आली म्हणून ती खरी ठरत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

भाऊंनी जुने वैद्यकग्रंथ धुंडाळले. ज्या वनस्पतींचे गुण तेथे वाखाणले होते, त्या प्रत्यक्ष रोग्यांवर वापरून पाहायचे त्यांनी ठरवले. महारोगासाठी त्यांनी वापरलेले मुख्य द्रव्य म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल. सह्याद्रीच्या ओहळांकाठी वाढणारे हे झाड कोकणात खष्ट म्हणून ओळखले जाते. उत्तरेकडील चौलमोगरा याच कुळातला. या तेलाने रोग्यांना उतार पडतो, ही वार्ता पसरली तेव्हा भाऊंच्या दोन्ही बाजूंना अविश्वास उभा होता. विलायती वैद्यकाच्या अभिमान्यांना देशी तेलाविषयी शंका होती. परंपरेच्या अभिमान्यांना, जे पूर्वजांनी सांगून ठेवले ते पुन्हा तपासायचे कशाला, असे वाटे. ग्रंथात आहे म्हणून खरे आणि देशी आहे म्हणून खोटे, ही दोन्ही टोके भाऊंनी टाळली. मात्र हे काम पूर्णत्वाला नेण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

त्या तेलाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. ते पोटात घेतले तर मळमळ होई, आणि टोचले तर दाट असल्याने शरीरात नीट मिसळत नसे. हवाई बेटांवर १९१५ च्या सुमारास अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ महिलेने चौलमोगऱ्याच्या तेलातील घटक टोचण्याजोग्या रूपात आणले आणि पुढची काही दशके तोच महारोग्यांचा आधार ठरला. गोव्यात मकाझन येथे १९३४ साली कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले, तेही याच कालखंडात. १९४० नंतर सल्फोन वर्गाची औषधे आली आणि १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागला. म्हणजे तेलाची बातमी सर्वस्वी खोटी नव्हती, आणि पूर्ण उपायही त्यात नव्हता. बऱ्याच वैज्ञानिक बातम्यांचे खरे स्थान असेच मधल्या जागी असते.

पडताळून मिळालेले सत्य उघडपणे सांगायची वेळ आली, तेव्हाही भाऊ मागे सरले नाहीत. वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या अनाचारावर पत्रकार करसनदास मुळजी यांनी लेख लिहिला. त्यावरून जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात तो चालला. महाराज गुह्यरोगाने पीडित होते, हे भाऊंनी वैद्य या नात्याने साक्षीत सांगितले. धनिक आणि धर्मगुरू दोघांचाही रोष ओढवून घेणारी ती साक्ष होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये निकाल लागला आणि करसनदासांची बाजू खरी ठरली.

हीच कसोटी भाऊंनी प्राचीन ज्ञानालाही लावली. आर्यभटाचे नाव सर्वांना ठाऊक होते, परंतु त्याचा अस्सल ग्रंथ युरोपीय पंडितांच्या हाती लागला नव्हता. त्याच्या काळाविषयी आणि ग्रंथाविषयी तर्कवितर्क चालत. भाऊंनी दक्षिणेतील हस्तलिखिते मिळवून ‘आर्यभटीय’ वाचले आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कलियुगाची ३,६०० वर्षे लोटली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभटाने स्वतःच नोंदवले आहे. त्यावरून त्याचे जन्मवर्ष इ. स. ४७६ ठरते. नावाचा ‘आर्यभट्ट’ हा प्रचलित उच्चारही भाऊंनी तपासला. जोडाक्षर घेतल्यास श्लोकांतील वृत्त मोडते, म्हणून ‘आर्यभट’ हेच रूप शुद्ध, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वजांचा पोकळ गर्व आणि पूर्वजांची अवहेलना या दोन्हींपेक्षा एक नीट वाचलेले हस्तलिखित त्यांना अधिक मोलाचे वाटे.

सामान्य माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची इच्छा एका वास्तूत साकार झाली. जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांच्यासमवेत त्यांनी मुंबईत वस्तुसंग्रहालय उभारण्यासाठी परिश्रम घेतले. २ मे १८७२ रोजी भायखळ्याचे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय जनतेला खुले झाले. राणीच्या बागेत फिरायला येणारा कष्टकरीही तेथे दाखल होऊन खनिजे, शेतीतील उत्पादने, कारागिरीच्या वस्तू न्याहाळू शकत होता. भाऊ १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा मुंबईचे शेरीफ झाले. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या फेलोंमध्ये त्यांची गणना होते. मात्र प्रकृतीने साथ दिली नाही आणि मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पन्नाशीच्या आसपासच हे कष्टाळू आयुष्य संपले. त्या संग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे.

भाऊंच्या जन्मगावापासून भायखळ्याचे ते दालन बरेच दूर आहे. त्यांची रीत मात्र पेडणे-डिचोलीतील कोणत्याही घरात आजच्या आज चालू करता येईल. बातमी आली की ती सांगणारा कोण, त्याने काय पाहिले, किती रोग्यांवर पाहिले आणि ते दुसऱ्या कोणी पडताळले का, एवढे प्रश्न विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत चालू असलेले औषध बंद करायचे नाही आणि आशाही सोडायची नाही. कुतूहल आणि शंका ही एकाच शहाणपणाची दोन पावले आहेत, हे बाहुल्या विकणाऱ्याच्या या मुलाने दीडशे वर्षांपूर्वी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.