दीडशेला एक कमी

दिवाळीच्या सुट्टीत मी सुरतला घरी गेले, तेव्हा माझा मामेभाऊ तोंड पाडून बसला होता. उधन्याला आमचं आणि मामाचं घर एकाच गल्लीत आहे, त्यामुळे कुणाचं काही बिनसलं की संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत कळतं. हा तिथल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांचा संघ उपांत्य फेरीत पोचला आणि मग कुणीतरी तक्रार केली की संघातल्या एका मुलाचे प्रवेशाचे कागद खोटे आहेत. तक्रार खरी निघाली. संघ बाद झाला. इथपर्यंत मला काही चुकीचं वाटत नाही, कारण जो सामना अपात्र खेळाडूला घेऊन जिंकला तो जिंकलेला नव्हेच. पण पुढे बाराच्या बारा मुलांवर वर्षभर खेळायला बंदी आली. बाकीच्या अकरांना त्या कागदांची काही माहिती होती का, हे कुणी विचारलंच नाही. सोबत होता म्हणजे सामील होता, असा हिशेब.

त्याचं बोलणं ऐकताना मला आजोबा आठवले आणि आजोबांचे सुभाष गुप्ते.

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. संपात गिरणी सुटली आणि ते बिऱ्हाड घेऊन सुरतला आले, लूमवर कामाला लागले. मुंबई सुटली तरी दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत, पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या आठवणी आणि सुभाष गुप्ते हे नाव. चेंडू हातातून सुटला की हवेत कसा लोंबकळत राहतो, हे ते आम्हाला बटाटा फेकून दाखवायचे. आजी बटाटा परत मागायची. मी त्यांच्याकडून जे ऐकलं त्यातलं जितकं नंतर वाचून पक्कं करता आलं तितकंच इथे लिहिते आहे.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ चा, मुंबईचा. अंगाने किरकोळ. लेग स्पिन टाकायचे आणि गुगली टाकायचे, तीसुद्धा एक नव्हे, दोन प्रकारची. धाकटा भाऊ बाळू हाही लेग स्पिनरच, तोही पुढे भारताकडून तीन कसोटी खेळला. सुभाष गुप्ते कसोटीत आले १९५१ च्या शेवटी, इंग्लंडविरुद्ध कलकत्त्याला. पण त्यांचं नाव झालं ते १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट. या तिघांपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते, तिथे गुप्त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. त्रिनिदादकडे विल्फ फर्ग्युसन नावाचा लेग स्पिनर होता, त्याच्यावरून तिथल्या लोकांनी यांना फर्गी म्हणायला सुरुवात केली. हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं. त्याच दौऱ्यात कॅरल या त्रिनिदादच्या मुलीशी त्यांची ओळख झाली, पुढे लग्न झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत त्रिनिदादलाच जायचं आहे.

डिसेंबर १९५४ मध्ये ब्रेबर्नवर पाकिस्तानहून आलेल्या एका संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना त्यांनी डावातले दहाच्या दहा बळी घेतले, ७८ धावांत. प्रथम श्रेणीच्या सामन्यात असं करणारे ते पहिले भारतीय. आजोबा तेव्हा विशीच्या आतले. सामना पाहायला तिकिटाचे पैसे नव्हते, पण त्या संध्याकाळी चाळीत साखर वाटल्याचं ते शपथेवर सांगायचे. पुढच्या वर्षी न्यूझीलंड आलं, त्यांचे ३४ बळी एकट्या गुप्त्यांनी घेतले. मधल्या काळात इंग्लंडला लँकेशायर लीगमध्ये रिश्टन क्लबकडून खेळले. देशात मुंबईखेरीज बंगाल आणि राजस्थानकडूनही रणजी खेळले. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे, जिथे सोय होईल तिथे खेळाडू जायचे.

आणि १९५८ चं कानपूर. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ मध्ये संपला, गुप्ते ९ बाद १०२. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे पहिले भारतीय तेच. दहावा त्यांच्या हातून निसटला. लान्स गिब्जचा झेल त्यांच्या गोलंदाजीवर सुटला आणि शेवटी त्याला वसंत रांजणे यांनी त्रिफळाचीत केलं. सामना आपण हरलोच, कारण दुसऱ्या डावात सोबर्सने १९८ ठोकले. गंमत अशी की याच सोबर्सने पुढे आयुष्यभर आपण पाहिलेला सर्वांत चांगला लेग स्पिनर म्हणून गुप्त्यांचंच नाव घेतलं, वॉर्न येऊन गेल्यावरही. त्या काळच्या आपल्या क्षेत्ररक्षणाबद्दल बोलायचं तर गुप्त्यांचे सुटलेले झेल मोजत बसू नये.

आता १९६१. टेड डेक्स्टरचा इंग्लंड संघ आला होता. कानपूरच्या कसोटीत गुप्त्यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडवर भारताविरुद्ध पहिल्यांदाच फॉलोऑनची पाळी आली. पुढची कसोटी दिल्लीला. संघ इंपीरियल हॉटेलात उतरला होता. खोलीत दोघे, गुप्ते आणि मद्रासचा कृपाल सिंग. कृपालने खोलीतून हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या एका बाईंना फोन केला आणि काम संपल्यावर आपल्याबरोबर पेय घ्यायला या म्हणून विचारलं. बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी संघ व्यवस्थापकाकडे तक्रार केली. त्यांची तक्रार अगदी योग्य होती असं माझं मत आहे. आज एखाद्या मुलीने अशी तक्रार केली तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. नोकरीच्या जागी परक्या माणसाचे असे फोन का म्हणून झेलायचे?

पण फोन गुप्त्यांनी केला नव्हता. खोली त्यांची होती, एवढंच.

दोघांनाही संघातून काढलं. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष तेव्हा एम. ए. चिदंबरम होते. मंडळापुढे गुप्त्यांना विचारण्यात आलं ते हे, की तुम्ही त्याला अडवलं का नाही. गुप्त्यांनी सांगितलं की तो मोठा माणूस आहे, मी त्याला कसा अडवणार. मला त्या प्रसंगातलं हे सगळ्यांत लागतं. तू काय केलंस असा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. दुसऱ्याने केलं त्याचा जाब त्यांनी द्यायचा होता, आणि उत्तर खरं असलं तरी ते चालणार नव्हतं. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठीही त्यांची निवड झाली नाही. दिल्लीची कसोटी त्यांची शेवटची ठरली. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. लेग स्पिनरची खरी वर्षं म्हणतात ती हीच. ३६ कसोटी, १४९ बळी.

आजोबा हा आकडा एकेक अक्षर सुटं करून उच्चारायचे. एकशे, एकोण, पन्नास. दीडशेला एक कमी.

मग कुणी आवाज का उठवला नाही? मला वाटतं त्याचं कारण साधं आहे. गुप्त्यांना बाहेर बसवल्यावर आपण कलकत्त्याला जिंकलो आणि मद्रासलाही जिंकलो. सलीम दुराणीने कलकत्त्याला आठ आणि मद्रासला दहा बळी घेतले, जोडीला आपल्या पुण्याचे चंदू बोर्डे होते. इंग्लंडविरुद्धची पहिलीच मालिका खिशात. अशा वेळी वगळलेल्या माणसाची आठवण कोण काढतो? त्यानंतरच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला. ज्या बेटांवर गुप्ते फर्गी झाले तिथेच ते संघासोबत नव्हते.

कृपाल सिंगचं काय झालं, हे मामेभावाने लगेच विचारलं. कृपाल १९६४ मध्ये पुन्हा भारताकडून खेळला. फोन करणाऱ्याची शिक्षा संपली, शेजारच्या खाटेवरच्याची संपली नाही. कृपालचं परत येणं मला खटकत नाही. चूक केली, शिक्षा भोगली, परत आला. शिक्षेला शेवट असायला हवा, तो त्याला मिळाला. गुप्त्यांना मात्र किती दिवसांसाठी, कशासाठी, दाद कुठे मागायची, यातलं काहीच मिळालं नाही.

माझा भाऊ बास्केटबॉलवाला, त्याला क्रिकेटचं उदाहरण पुरेना. म्हणून त्याला केंटकीची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ फार नावाजलेला. १९५१ मध्ये उघड झालं की त्यांच्या काही खेळाडूंनी पैसे घेऊन गुणांचा फरक कमी-जास्त केला होता. ते खेळाडू तोवर कॉलेज सोडून गेले होते. शिक्षा म्हणून १९५२-५३ चा पूर्ण हंगाम रद्द झाला आणि घरी बसले ते मागे राहिलेले विद्यार्थी. प्रशिक्षक अडॉल्फ रप आपल्या जागेवरच राहिला. पुढच्या हंगामात त्या मुलांनी २५ पैकी २५ सामने जिंकले. हे ऐकून मामेभावाचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला, पण तो २५ वर उजळला की रपवर चिडून, ते मला कळलं नाही.

आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली की सगळ्यांना धाक बसला नाही तर उद्या प्रत्येक संघ एक खोटा मुलगा घुसवेल आणि पकडलं गेलं की तेवढ्यापुरतं त्याला काढून मोकळा होईल. यात तथ्य आहे. आमच्या कॉलेजात बायबलच्या तासाला एकदा हाच वाद झाला होता. एके ठिकाणी वडिलांचं पाप तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, आणि यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात मात्र ज्याचं पाप त्यालाच, मुलाने बापाचा भार वाहायचा नाही. मी तेव्हा यहेज्केलच्या बाजूने बोलले होते, आताही तिकडेच आहे. संघाचे गुण काढा, चषक काढा, कागद न तपासता सही करणाऱ्या मोठ्यांना जाब विचारा. त्याने धाक बसतो. अकरा मुलांचं वर्ष घेण्यासाठी प्रत्येकाबद्दल वेगळं काही सिद्ध व्हायला नको का?

गुप्ते त्रिनिदादला गेले आणि तिथेच राहिले. साखर उद्योगात नोकरी केली, संसार केला. २००० मध्ये त्याच क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला, आयुष्यभराच्या कामगिरीसाठी. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला ते वारले. आजोबांनी ती बातमी गुजराती पेपरात वाचली. आई सांगते, त्या दिवशी ते लूमवर गेले नाहीत.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री आम्ही अर्ज लिहिला. प्रत्येकाची वेगळी चौकशी करा, एवढीच मागणी. मराठीत मी लिहिला, गुजरातीत भावाने उतरवला. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. गुप्त्यांचा उल्लेख करावा असं मला फार वाटत होतं, पण त्याने नको म्हटलं. अकरा सह्यांपैकी नऊ झाल्या आहेत. दोघांचे वडील घाबरतात.