दादोबा पांडुरंग

वसईनजीकच्या तर्खड या गावावरून तर्खडकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यात दादोबा पांडुरंग यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि इंग्रजी विद्येचे वारे मुंबईत वाहू लागले, त्या संधिकाळात दादोबांचे बालपण गेले. नव्या शाळेत त्यांना इंग्रजी भाषा व तिचे व्याकरण शिकावयास मिळाले.

त्या काळी मराठीचे व्याकरण शिकावे, ही कल्पनाच कित्येकांस हास्यास्पद वाटे. व्याकरण संस्कृताचे, इंग्रजीचे; जी भाषा घरोघर बोलली जाते तिला नियम कसले? मराठीचे एक व्याकरण विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले होते. पण ते इंग्रजांना मराठी यावी म्हणून इंग्रजीत लिहिलेले होते. मराठी मुलाला आपल्याच भाषेची घडण सांगणारे पुस्तक हवे होते. ते काम दादोबांनी अंगावर घेतले. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते.

इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्या पुढे होता, संस्कृताचाही होता. तथापि मराठी या दोहोंपैकी कोणत्याच साच्यात पुरती बसत नाही. क्रियापदाचेच पाहा. वाक्यातील क्रिया दाखविणारा शब्द शोधणे इंग्रजीत फारसे अवघड नसते, आणि तो शोधून काढला की बहुधा काम संपते. इंग्रजीत लाडू खाल्ला काय अन् पोळी खाल्ली काय, क्रियापदाचे रूप एकच. मराठीत मात्र शब्द सापडल्यावर खरा प्रश्न उभा राहतो : हे क्रियापद कोणाच्या आज्ञेत वागते? गोविंदा पळाला, सीता पळाली. येथे ते कर्त्याच्या मागे जाते. गोविंदाने लाडू खाल्ला, गोविंदाने पोळी खाल्ली. येथे खाणारा तोच, तरी क्रियापद बदलले, कारण ते कर्माच्या मागे गेले. आणि आईने मुलीला बोलावले, या वाक्यात ते आईचेही ऐकत नाही, मुलीचेही नाही. कर्तरी, कर्मणी व भावे हे तीन प्रयोग ते हेच. दादोबांनी आपल्या व्याकरणात त्यांचा विचार केला, आणि त्यांनी घालून दिलेल्या वाटेने हा विषय शाळाशाळांतून शिकविला जाऊ लागला.

ही गोष्ट सीमेवरच्या गावांत अधिक चांगली कळते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. अशा भागात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. लाडू असो वा पोळी, तेलुगूत क्रियापद खाणाऱ्याप्रमाणेच चालते. उर्दूत मात्र मराठीप्रमाणे ते खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. तेलुगू बोलणारा शेजारी मराठी शिकताना येथेच अडखळतो. त्याला हसण्यापूर्वी त्याची अडचण ओळखणे बरे.

व्याकरण लिहून दादोबा स्वस्थ बसले नाहीत. माळव्यातील जावरा संस्थानच्या नवाबाचे ते काही काळ शिक्षक होते. पुढे सुरतेच्या शाळेत असताना १८४४ साली दुर्गाराम मेहता यांच्या समवेत त्यांनी मानवधर्मसभा काढली व अंधश्रद्धेवर उघड टीका आरंभिली. मुंबईस परतल्यावर परमहंस सभेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. जातिभेद मोडावा हे या सभेचे ध्येय. पण समाजाच्या भयाने तिचे काम गुप्तपणे चाले. सभासदांची नावे बाहेर फुटताच सभा विस्कळित झाली. दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थनासमाज स्थापिला, तो मात्र उघडपणे. सरकारी नोकरीत दादोबा अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले व रावबहादूर हा किताबही त्यांना मिळाला. परंतु लोकांच्या स्मरणात ते राहिले व्याकरणकार म्हणूनच.

आपले पुस्तक पूर्ण झाले, असे त्यांनी कधी मानले नाही. १८५० साली त्यांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली आणि पुढे १८८१ साली, वृद्धापकाळी, त्याला पुरवणी जोडली. त्यांची सर्वच मते टिकली असे नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांतील अनेक मतांची कठोर चिकित्सा केली, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या मोठ्या व्याकरणात तीच चर्चा पुढे नेली. वाद घालण्याजोगे काही दादोबांनी आधी मांडून ठेवले होते, म्हणूनच हा वाद होऊ शकला.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते निवर्तले. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र अपुरे राहिले होते, ते अ. का. प्रियोळकर यांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले.